पालथ्या मडक्याखालच्या तारा

आमच्या घरात मी इसरते असं ठरलं, ते शेगडीच्या तारा जळल्या त्या दिवशी. त्याच्या आधीच्या दिवसापावेतो मले सगळं आठवत होतं. संध्याकाळी लेक आन् सून ऑफिसातून आले, दारातच वास घेतला, एकमेकाच्या तोंडाकडे पाह्यलं, आन् माझा निकाल लागला.

शेगडी म्हनजे बिजलीची. दोन प्लेटाची, बटन फिरवलं का वेटोळं लाल होते, तशी. मनीषनगरच्या फ्लॅटात गॅस आहे, नाई असं नाई. वरून काच असलेला, चार बर्नरचा. पन सून म्हने, "आई, तुम्ही दिवसभर एकट्या असता. गॅस चालू राहून गेला तर?" आजपावेतो कधी राहून गेला नवता, पन ते 'तर' लय भारी असते. त्याच्यापुढं कोनाचं चालत नाई. म्हनून ते दोघं जातानी गॅसची चावी बंद करून जातेत, आन् मागच्या गॅलरीत मले ही शेगडी मांडून देल्ली. लेक म्हने, "एकदम सेफ आहे आई. काही होतच नाही हिला."

मले आवडली ती शेगडी. खोटं काहून बोलू? सारी जिंदगी मी चुलीतला धूर खाल्ला. कुहीकडच्या खेड्यातून लगन होऊन नागपुरात आली तवा दुसरी शिकून होती, आन् तिसरीत जाची आता सोय नवती. नवरा हातगाडी ओढे. तो गेला तवा लेकरू मांडीवर होतं. सासरचे म्हनत, माहेरी जाय. माहेरचे म्हनत, आता तेच तुझं घर. दोघाइचंही बरोबर होतं, फक्त मी मधात होती. मंग मले जे येत होतं ते केलं. लांब रोटी केली.

ज्याले माहीत नसन त्याले सांगते. मडकं पालथं ठेवाचं, खाली लाकडं पेटवाची. कनीक पातळ, एवढी पातळ का नव्या बाईच्या बोटातून गळून जाते. ते आपटून आपटून हातावर घ्याची, या हातावरून त्या हातावर, मंग ते लांबत लांबत कोपरापावेतो येते, धुतल्या रुमालासारखी. आन् मंग मडक्यावर सोडाची. लगनाच्या मांडवामागं केल्या, रस्त्याच्या कडेले बसून केल्या, नागपूरच्या उन्हाळ्यात केल्या, जवा चुलीजवळ बसा का चुलीपासून दूर बसा, सारखंच असते. माझ्या हाताले केस नाई, पोट्टी होती तवा होते. भिवया दोनदा गेल्या. जेवनारे लोक म्हनत, काय मऊ रोटी आहे हो. रोटी मऊच राहते, करनारी वाळते.

आन् मडक्यावरची रोटी मागं वळून पाहू देत नाई. कोनी हाक मारली आन् मान फिरवली का ते करपली. असं काम करनाऱ्या बाईले इसरनं परवडत नाई. त्याच मडक्यावर लेक इंजिनेर झाला. कंपुटरचा. बिजलीचा नाई. हे ध्यानात ठेवा, पुढं कामी येइन.

तर आता म्हातारपनी मले एकच पाहिजे होतं. दुपारी आपल्या हातानं आपल्यासाठी शिजवाचं. तुरीचं वरण, ठेचा, ज्वारीची भाकर. कधी वाटलं तर वांगं भाजाचं. सगळी उमर दुसऱ्याचे पंगतीचे पंगती जेवू घातले, आता एका मानसाचं शिजवताना कशी मजा वाटे. कोनाले इचारनं नाई, कोनाची वाट पाहनं नाई. ते शेगडी म्हनजे माझं येवढंसं राज्य होतं.

मंग एक दिवस लेकानं माळ्यावरून माझं मडकं काढलं, एका हातात मोबाईल, व्हिडिओ तवापासूनच चालू.

"आई, रविवारी ऑफिसचे लोक येत आहेत. त्यांना मटका रोटी खायची आहे. ऑथेंटिक."

मी म्हनलं, "करते ना बाबू. खाली मोकळ्या जागेत तीन इटा मांडून दे."

"सोसायटीत धूर चालत नाही."

"मंग गॅसवर?"

सून म्हने, "काच तडकेल ना आई!"

लेक म्हने, "तुझी शेगडी आहे की. तिच्यावर कर."

मी म्हनलं, "त्याच्यावर नाई चालत. चुलीले तोंड असते. मडकं पालथं ठेवलं तरी जाळ समोरून निंघते. मडक्याले श्वास पाहिजे. याले सगळ्या बाजूनं झाकून टाकलं तर त्याचा जीव कुठून निंघन?"

लेक हासला. लहानपनी मी अंधाराची भीती घाले तवा हासत नवता, आता हासला. "अगं आई, बिजलीला धूर नसतो!"

इंजिनेर बोलला. पालथ्या घड्यावर पानी म्हनतेत ते दुसरं काय असते.

रविवारी पाहुने आले. मडकं तापाले लय वेळ लागला. लेक व्हिडिओ काढत माझ्या डोक्यावर उभा. मी दोन प्लेटीतल्या एकीचं बटन अर्ध्यावर ठेवलं का तो वरडे, "फुल कर आई, फुल! रंग आला पाहिजे!" मी फुल केलं. हातावर रोटी लांबवली का पाहुने टाळ्या वाजवत. लगनाच्या मांडवामागं मले कधी कोनी टाळी वाजवली नाई, तिथं फक्त "अजून आन, अजून आन" होतं. एका बाईनं तर एक रोटी घडी करून पर्समधी टाकली, ऑफिसात दाखवाले. रोटी खाची असते हे तिले कोनी सांगतलं नसन. रात्री लेकानं सगळा व्हिडिओ, मडकं काढल्यापासूनचा, जोडून मोबाईलवर लोकाइले टाकला.

दुसऱ्या दिवशी ते दोघं गेल्यावर मी चहाले आधन ठेवलं. तेच प्लेट. बटन फिरवलं, आन् खालून असा वास आला का जसा कूलरचा पंप जळते तवा येते. बटनाच्या फटीतून काळा धूर. मी बोर्डावरचं बटन बंद केलं, तेवढ्यात सगळ्या घरची लाईन गेली. समोरच्या फ्लॅटातल्या बाईले वास गेला. तिनं आधी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, मंग माझी बेल वाजवली. लेकाले ऑफिसात बातमी पोहोचली तवा मी अजून गॅलरीचं दार उघडत होती.

संध्याकाळी पंचायत बसली.

"आई, रात्री बटण बंद करायला विसरलात ना?" सून म्हने.

"बंदच होतं वं. सकाळी मीच चालू केलं चहासाठी."

"म्हणजे रात्रभर थोडं चालू असेल."

"रात्रभर चालू असतं तर सकाळी प्लेट लाल नसती का दिसली?"

मंग लेक माझ्याजवळ बसला आन् हळू आवाजात बोलला. बिमार मानसाशी बोलतेत त्या आवाजात. "आई, असू दे. या वयात होतं असं."

मले त्यानं शिवी देल्ली असती तर मी उलटून देल्ली असती. पन याले नाई म्हनलं तर म्हनतेत, पाहा, इसरली तेही इसरली.

दुसऱ्या दिवशीपासून मले डबा लागला. कोन्या बाईच्या घरून येते तो, स्टीलचा, चार पुडाचा. पहिल्या पुडात पोळ्या, एकमेकीले घाम येईपावेतो चिपकलेल्या. दुसऱ्यात पनीर. तिसऱ्यात पन कशात तरी लपून बसलेलं पनीर. ठेचा मांगतला तर डब्यावाल्या बाईनं सॉस पाठवला. मी खाल्लं. अन्नाले नावं ठेवू नाई. पन ज्या बाईनं हजारो लोकाइले गरम वाढलं तिनं दुपारी दाराशी उभं राहून बेलची वाट पाहावं, येवढं काही मी कोनाचं वाईट केलं नवतं.

मी म्हनलं, "बाबू, शेगडी दुरुस्त कर. मले माझ्या हातचं खाऊ दे."

तो म्हने, "मीच करतो. व्हिडिओ आहे यावर."

एका सुट्टीच्या दिवशी त्यानं टेबलावर मोबाईल उभा केला, त्याच्या बाजूले शेगडी उलटी केली. व्हिडिओतला मानूस हिंदीत बोले, लेक त्याले थांबवे, मागं ने, परत चालू करे. खालचं पत्र्याचं झाकन निंघालं तवा मी पाह्यलं. एका प्लेटीच्या तारावरचं रबर काळं पडून, वाळल्या शेवयासारखं हात लावल्याबरोबर तुटत होतं. दुसऱ्या प्लेटीच्या तारा चांगल्या होत्या. मी बोट दाखवलं. "बाबू, हे एकाच बाजूनं काहून जळलं?" तो म्हने, "आई, बाजूला हो, अंगाला करंट लागेल." प्लग तर मीच काढून ठेवला होता.

घरात एसी बसवताना उरलेली तार होती. लाल आन् हिरवी. ते त्यानं टाकली, वरून काळी टेप गुंडाळली, आन् शेगडी सुलटी केली. सुनेनं फोटो ग्रुपवर टाकला. सगळ्या बिल्डिंगनं अंगठे पाठवले. लेक म्हने, "नवीपेक्षा भारी झाली."

डबा बंद झाला. थोडे दिवस मी राज्य केलं. एका दुपारी वरण उकळत होतं, मी तिथंच पाटावर बसून लसूण सोलत होती, नजरेपुढं. आन् परत तोच वास. आता तर प्लास्टिक वितळून खाली थेंब पडला. मी बोर्डाचं बटन पाडलं. माझं सगळं ध्यान होतं, हात जागेवर होते, पन साक्षीले कोन? एक लसूण आन् एक अर्धं शिजलेलं वरण.

आता तर पक्कंच झालं. सून म्हने, "आई, तुम्हाला रागावत नाही आम्ही, पण जीवावर बेतेल एखाद दिवशी." ते खरंच भ्यायली होती, खोटं नाई बोलत. बोर्डाचं बटन बंद आहे का, ते तिनं तीनदा जाऊन पाह्यलं. म्हनून मले तिचा रागही धड करता येइना. लेकानं मेमरीच्या डॉक्टरकडे नंबर लावला.

डॉक्टर पोट्टाच होता. त्यानं मले तीन शब्द सांगतले, मंग दुसरं काही बोलला, मंग म्हने, ते तीन शब्द सांगा. मी सांगतले. मंग म्हने, आजचा वार? सांगतला. मंग म्हने, "आजी, काल दुपारी काय जेवलात?"

मी म्हनलं, "डबा. ते इसराचा प्रयत्न करून राहिली, पन होत नाई."

डॉक्टर हासला. लेकाले म्हने, सध्या काही नाही. कारमधी लेकानं सुनेले फोन केला, "डॉक्टर म्हणाले, सध्या काही नाही." त्यातलं 'काही नाही' दोघाइनं तिथंच सोडलं, आन् 'सध्या' तेवढं घरी आनलं.

शेगडी दाराशी नेऊन ठेवली, भंगारवाल्यासाठी. येता-जाता मले ते दिसे. उमरभर जे काम केलं त्याचा शेवटचा तुकडा तिथं चपलाच्या बाजूले पडून होता. ते भंगारात गेली का मी डब्याची झाली, कायमची. हे मले बिना डॉक्टरचं समजत होतं.

पन आमच्या नागपुरात एक मानूस भंगारवाल्याच्या आधी घरी येते. उन्हाळा लागला का कूलरवाला. त्याले कूलरची नवी घास, जाळीतलं भिजवाचं गवत, बसवाले बोलावलं होतं. रविवार होता, लेक-सून घरीच. कूलरवाला आला तो गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरून, त्याच्यानं अर्धं बोलनं तोंडातच राहे. मी म्हनलं, "भाऊ, जाता जाता या शेगडीकडे एक नजर टाक गा."

त्यानं शेगडी हलवून पाह्यली, कान लावला, जसं खरबूज पाहतेत. म्हने, "मावशी, उंदीर आहे तुमच्या घरात. तार कुरतडली."

मी म्हनलं, "सातव्या मजल्यावर उंदीर लिफ्टनं आला काय गा?"

"उंदीर कुठूनही येते," तो म्हने. पन झाकन खोललं तवा उंदीर आपल्या आपच निंघून गेला. लाल-हिरव्या तारा एकमेकीले वितळून चिपकल्या होत्या. "हे कोनं टाकली?"

लेक कूलरची घास पाहाले लागला.

"भिंतीतली तार आहे हे. शेगडीत टाकली म्हनजे चुलीत मेनबत्ती उभी केली. शेगडीले हीटप्रूफ तार लागते, वरून पांढरी जाळी असलेली. हे तर जळनारच होती." मंग त्यानं मान तिरपी केली. "पन पहिली तार तर कंपनीची असन. ते काहून जळली? आन् एकाच प्लेटीची? काय शिजवता मावशी याच्यावर?"

"चहा. वरण. भाकर."

"त्याच्यानं नाई होत." तो माझ्याकडे पाहत राह्यला. माझ्या हाताकडे पाह्यलं. मंग खर्रा या गालातून त्या गालात नेला. "एक मिनिट. तुम्ही ते मटका रोटीवाल्या आजी तर नाई? माझ्या बायकोनं तुमचा व्हिडिओ सगळ्या माहेराले पाठवला ना!"

त्यानं मोबाईल काढला. लेक म्हने, "राहू द्या हो, ते काय..." पन तवापावेतो चालू झाला होता. मडकं दिसलं, माझे हात दिसले, आन् वरून आमच्या इंजिनेरचा आवाज: "फुल कर आई, फुल!"

कूलरवाल्यानं बोटानं थांबवलं. "हे पाहा. मडकं पालथं, चारी बाजूनं बंद. गरमी वर जाऊन नाई राहिली, खाली तारांवर उतरून राहिली. तार बिचारी काय करन? साहेब, तुम्ही सांगाचं ना यांइले, असं ठेवू नाई म्हनून."

लेक माझ्याकडे वळला. "आई, तू तरी सांगायचं ना."

मी म्हनलं, "सांगतलं होतं बाबू. त्याच्यातच आहे. भाऊ, थोडं मागं घे गा."

त्यानं मागं घेतलं. मोबाईलमधून माझा आवाज आला, मडक्याले श्वास पाहिजे म्हनून. मंग लेकाचा हासा. मंग, "अगं आई, बिजलीला धूर नसतो!" त्याच्याखाली लोकाइनं लाल लाल बदाम टाकले होते.

मंग सुनेच्या तोंडून फिसकन आवाज आला. तिनं ओढनी तोंडाले लावली, पन खांदे हालत होते. मले ते त्या दिवशी पहिल्यांदा आपली वाटली.

कूलरवाला "पाच मिनिटात तार आनतो" म्हनून गेला, तो दुसऱ्या दोन घरचे कूलर करून ऊन कललं तवा आला. पन आला. मी बॅटरी धरली. त्यानं काळं पडलेलं तांबं कापलं, कापत कापत चमकतं तांबं लागलं तिथंच थांबला, जसं आपन किडकं वांगं कापतो तसं. पांढऱ्या जाळीची नवी तार टाकली, चिनीमातीच्या जोडावर पेच कसले, तार पत्र्याले लागनार नाई अशी वळवली. शेगडी चालू केली. वेटोळं लाल झालं, वास काही आला नाई. जातानी म्हने, "मावशी, चहा-वरण काहीही करा. मडकं नाई. मडकं ठेवलं तर मी रोज आलो तरी हे वाचनार नाई."

आमच्या घरात माफी मांगाची पद्धत नाई, जिलेबी आनतेत. संध्याकाळी जिलेबी आली. डबा बंद झाला. पन 'या वयात होतं' ते काही बंद झालं नाई. मी चष्मा शोधला का दोघं एकमेकाकडे पाहत. चष्मा तर लेकही शोधते, पन त्याले काम जास्त असते म्हनून.

महिना नाई झाला तं लेक परत माझ्याजवळ येऊन बसला. आवाज गोड. "आई, या रविवारी आमच्या साहेबांचे साहेब येत आहेत. पुण्याहून. त्यांनी तुझा व्हिडिओ पाहिला."

"मंग?"

"मटका रोटी. फक्त एकदा. तार जळली तर मी नवीन टाकून देईन ना, आता माहीत आहे कोणती." सून दारात उभी राहून त्याले डोळ्यानं नाई नाई म्हनत होती, पन तो साहेबांच्या साहेबांकडे पाहत होता.

मी लय इचार केला नाई. रोटीवर माझा जीव आहे. पन शेगडी गेली का डबा आला, हे मले पाठ होतं.

शनिवारी लेक माळ्यावरून रिकाम्या हातानं उतरला. "मडकं कुठं ठेवलं आई?"

"मडकं?" मी म्हनलं. "कोनतं गा?"

"कोणतं म्हणजे? तुझं! माळ्यावर नाही. गॅलरीत नाही."

"आठवत नाई, बाबू."

"असं कसं आठवत नाही? एवढं मोठं मडकं!"

मी हळू आवाजात बोलली. बिमार मानसाशी बोलतेत त्या आवाजात. "असू दे. या वयात होतं असं."

त्यानं पलंगाखाली पाह्यलं, कपाटामागं पाह्यलं, समोरच्या बाईले इचारलं. सून पन त्याच्यासोबत शोधत फिरली. तिच्या खोलीतल्या पेटीत, माझ्याच जुन्या लुगड्यात गुंडाळून, तिच्याच हातानं ठेवलं होतं ते. तरी लय मन लावून शोधत होती.

रविवारी साहेबांचे साहेब डब्यावाल्या बाईचं पनीर जेवले. म्हने, एकदम ऑथेंटिक. मी मागच्या गॅलरीत माझ्या शेगडीवर वरण ठेवलं, भाकर टाकली, वांगं भाजलं.

ते लोक गेल्यावर लेक गॅलरीत आला. पाटावर बसला, लहानपनी बसे तसा, आन् माझ्या ताटातली अर्धी भाकर मोडून घेतली. दोन घास खाल्ले.

"आई, मडक्याचं आठवलं का काही?"

"आठवून राहिली," मी म्हनलं, आन् त्याच्या बाजूले थोडा ठेचा वाढला.